वर्तुळाचा हिशेब आणि युक्तीची भाषा



कामगार संघटनेत उभा जन्म घालविलेल्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत गणितावर बोलावे, याचे कित्येकांस नवल वाटले असेल. आमच्याकडून लोकांची अपेक्षा वेतनकराराची, बोनसची, फार तर एखाद्या संपाच्या इतिहासाची. परंतु संघटनेचे निम्मे काम हिशेबाचेच असते. महागाईचा निर्देशांक किती चढला, कामाचा दर कोणत्या पायावर बसविला, भविष्यनिर्वाह निधीत किती जमा झाले, हे ज्यास मांडता येते त्याचे म्हणणे टेबलापलीकडचा माणूस ऐकून घेतो; ज्यास येत नाही त्यास नुसती सही करावी लागते. आम्ही कॉलेजची पायरी चढलो नाही. जे काही शिकलो ते सार्वजनिक वाचनालयात, रात्रीच्या वर्गांत आणि लेथवर उभ्या असलेल्या जाणत्या कारागिरांपाशी. तेव्हा आजचा विषय आम्ही पंडिताच्या अधिकाराने नव्हे, जिज्ञासूच्या नात्याने मांडणार आहोत. विषय आहे वर्तुळाच्या एका हिशेबाचा इतिहास.

बारावीच्या विद्यार्थ्यास एक सूत्र पाठ असते. एक भागिले ‘एक अधिक क्षचा वर्ग’ या राशीचे समाकलन केले म्हणजे उत्तर व्यस्त स्पर्शज्या येते. मुले तिला टॅन इन्व्हर्स म्हणतात. आणि हे समाकलन शून्यापासून एकापर्यंत केले तर उत्तर येते पायचा चौथा हिस्सा. पाय म्हणजे वर्तुळाचा परीघ आणि व्यास यांचे गुणोत्तर, ३.१४१५९२६…, हे आपणांस ठाऊक आहेच.

समाकलन या भारदस्त शब्दाने कोणी दचकून जाऊ नये. शेताचा एक बांध वाकडा असला म्हणजे क्षेत्रफळ काढण्यासाठी आपण शेताच्या अरुंद पट्ट्या पाडतो, प्रत्येक पट्टीची लांबी-रुंदी गुणतो आणि सगळ्यांची बेरीज करतो. पट्ट्या जितक्या अरुंद, तितका हिशेब बिनचूक. समाकलन म्हणजे हीच बेरीज, पट्ट्या कल्पनेने अत्यंत बारीक करून केलेली. वर सांगितलेल्या राशीचेच पाहू. क्ष शून्य असताना तिची उंची १, क्ष अर्धा असताना ०.८, क्ष एक असताना ०.५. म्हणजे हळूहळू उतरत जाणारा एक बांध झाला. याच्या दहा पट्ट्या पाडा, प्रत्येक पट्टीची मधली उंची घ्या आणि कागदावर बेरीज करा. उत्तर ०.७८५६ येते. त्याची चौपट ३.१४२४. अवघ्या दहा पट्ट्यांत आपण पायच्या उंबरठ्याशी येऊन पोचलो.

आमच्या संघटनेच्या अभ्यासवर्गात ही बेरीज करून दाखविली, तेव्हा एका शिकाऊ टर्नरने विचारले होते, “भाऊ, यात गोल कुठेच नाही. भागाकार आहे, वर्ग आहे, बेरीज आहे. मग पाय आला कुठून?” प्रश्न अगदी रास्त होता. आणि या प्रश्नाचे उत्तर देण्यातच माणसाच्या बुद्धीची काही शतके खर्ची पडली आहेत.

आधी उत्तर पाहू, मग त्याचा इतिहास. आपण एका भिंतीसमोर बरोबर एक मीटर अंतरावर हातात बॅटरी घेऊन उभे आहोत असे समजा. बॅटरीचा झोत सरळ समोर, आपल्या हाताच्याच उंचीवर भिंतीवर पडला आहे. आता मनगट हळूहळू वर वळवा. उजेडाचा ठिपका भिंतीवर चढू लागेल. ठिपका किती चढला ती उंची म्हणजे क्ष. मनगट किती वळले तो कोन. उंची आणि कोन यांचे जे नाते, तेच स्पर्शज्येचे नाते. एक मीटर पाया असलेल्या काटकोन त्रिकोणात त्या कोनाची स्पर्शज्या म्हणजे ही उंची.

आता ठिपका एक केस भर वर न्यावयाचा आहे. त्यासाठी मनगट किती वळवावे लागेल? प्रारंभी, झोत भिंतीस काटकोनात असताना, जितका केस तितकेच वळण. परंतु ठिपका वर गेल्यावर दोन गोष्टी घडतात. एक, भिंत झोताला तिरपी पडते; त्यामुळे भिंतीवरचा केसभर तुकडा झोताच्या दृष्टीने आखूड होतो. दोन, ठिपका आपल्यापासून दूर गेलेला असतो. त्यामुळे तोच तुकडा आणखी लहान कोनात मावतो. दोन्ही वेळा कपात होते ती झोताच्या लांबीच्या, म्हणजे कर्णाच्या पटीत. दोनदा कर्णाने भागणे म्हणजे कर्णाच्या वर्गाने भागणे. आणि पाया एक, उंची क्ष, म्हणजे कर्णाचा वर्ग ‘एक अधिक क्षचा वर्ग’. झाले! आमची ती गूढ राशी म्हणजे दुसरे काही नसून, भिंतीवरच्या एका केसासाठी मनगटाला पडणारे वळण होय. ठिपका शून्यापासून एक मीटरपर्यंत चढवीत नेला आणि सगळ्या वळणांची बेरीज केली, तर मनगट एकंदर ४५ अंश वळलेले असते. ४५ अंश म्हणजे पूर्ण वर्तुळाचा आठवा भाग. एक मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा परीघ दोन पाय मीटर, त्याचा आठवा भाग पाय भागिले चार. त्या शिकाऊ मुलाचा गोल मनगटात दडलेला होता.

विद्यार्थी परीक्षेत हेच करतो आणि त्यास सब्स्टिट्यूशन म्हणतो. क्ष हे नाव पुसून त्याच्या जागी ‘कोनाची स्पर्शज्या’ असे लिहितो. तत्क्षणी भाजक उडून जातो आणि नुसत्या कोनाची बेरीज शिल्लक राहते. भिंतीवरून मोजल्यास जे अवघड, ते मनगटावरून मोजल्यास सोपे. वस्तू तीच, मोजण्याची जागा बदलली.

हा व्यवहार कागदापुरता आहे असे मात्र कोणी समजू नये. ज्या कारागिराने आयुष्यात समाकलन हा शब्द ऐकला नाही, तोही व्यस्त स्पर्शज्या रोज वापरतो. लेथवर टेपर काढावयाचा आहे; मोठा व्यास ४० मिलिमीटर, लहान व्यास ३०, टेपरची लांबी ५०. टर्नर काय करतो? ४० मधून ३० वजा करतो, उरलेल्या १० ला लांबीच्या दुपटीने, म्हणजे १०० ने भागतो. उत्तर ०.१. मग तक्त्यात पाहतो की कोणत्या कोनाचा टॅन ०.१ आहे, आणि ५ अंश ४३ कला इतकी कंपाउंड स्लाइड फिरवितो. उंचीवरून कोन काढणे म्हणजेच व्यस्त स्पर्शज्या. आपल्या जुन्या ज्योतिषग्रंथांत याच जातीच्या क्रियेला फार सुंदर नाव आहे : चापीकरण. ज्या म्हणजे धनुष्याची दोरी, चाप म्हणजे धनुष्याची कमान. दोरीच्या मापावरून कमानीचे माप काढणे ते चापीकरण. आता प्रश्न उरतो तो त्या तक्त्याचा. टर्नर तक्ता पाहतो. पण तक्ता करणाऱ्याने तो आकडा कोठून आणला?

या प्रश्नाचे पहिले पूर्ण उत्तर, आज उपलब्ध असलेल्या पुराव्यानुसार, केरळात मिळाले. चौदाव्या शतकाच्या मध्यापासून पंधराव्या शतकाच्या आरंभापर्यंत संगमग्राम येथे माधव नावाचा ज्योतिर्विद होऊन गेला. संगमग्राम म्हणजे त्रिशूरजवळचे इरिंजालकुडा असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्याच्या शिष्यशाखेतील परमेश्वर याने अनेक वर्षे ग्रहणांची प्रत्यक्ष निरीक्षणे करून १४३१ मध्ये ‘दृग्गणित’ रचले. नीलकंठ सोमयाजी याने १५०० च्या सुमारास ‘तंत्रसंग्रह’ लिहिला. पंचांग आकाशाशी जुळत नसेल तर पंचांग सुधारावे, आकाशाला दोष देऊ नये, अशी ही परंपरा होती. आणि पंचांग सुधारावयाचे तर ज्या आणि चाप यांचे आकडे अधिकाधिक सूक्ष्म हवे.

त्यांनी वर्तुळाभोवती एक चौरस काढला. चौरसाची बाजू वर्तुळाला स्पर्श करते. तीच आमची भिंत. त्या बाजूच्या अर्ध्या भागाचे अनेक समान तुकडे केले, प्रत्येक तुकड्याच्या टोकापासून केंद्रापर्यंत कर्ण काढले, आणि समरूप त्रिकोणांच्या साहाय्याने दाखविले की प्रत्येक सरळ तुकड्यासमोरचा वर्तुळाचा तुकडा म्हणजे तो सरळ तुकडा भागिले कर्णाचा वर्ग. मघाशी आपण बॅटरीने केले ते त्यांनी रेषांनी केले होते. सब्स्टिट्यूशन हा शब्द तेथे नाही. परंतु वाकड्याचे माप सरळावर आणून मोजावयाचे, ही त्यातील सारी मेख तेथे आहे.

पुढची अडचण भागाकाराची. प्रत्येक तुकड्यासाठी भाजक निराळा. त्यांनी भागाकारच मोडून टाकला. ‘एक अधिक क्षवर्ग’ याने भागण्याऐवजी प्रथम एकाने भागा. भाजक लहान घेतल्याने उत्तर जास्त आले, म्हणून क्षवर्ग वजा करा. तेही जास्त वजा झाले, म्हणून क्षचा चौथा घात मिळवा. मग सहावा घात वजा करा. आणि असेच चालू द्या. चुकीची दुरुस्ती, दुरुस्तीची दुरुस्ती. आता फक्त वर्गांची, चौथ्या घातांची, सहाव्या घातांची बेरीज उरली. या बेरजेस ते संकलित म्हणत. आणि त्यांनी दाखविले की संख्या पुष्कळ घेतल्या म्हणजे वर्गांची बेरीज घनाच्या तिसऱ्या हिश्शाकडे जाते. खात्री करून पाहा : १ पासून १०० पर्यंतच्या संख्यांच्या वर्गांची बेरीज ३,३८,३५० आहे आणि १०० च्या घनाचा तिसरा हिस्सा ३,३३,३३३. तफावत दीड टक्का. १,००० पर्यंत गेलात तर तफावत त्याच्या दहाव्या हिश्शावर येते. त्याच न्यायाने चौथ्या घातांची बेरीज पाचव्या हिश्शाकडे, सहाव्यांची सातव्या हिश्शाकडे जाते.

सगळे एकत्र मांडले म्हणजे निष्कर्ष निघतो तो असा : पायचा चौथा हिस्सा म्हणजे एक, वजा एक तृतीयांश, अधिक एक पंचमांश, वजा एक सप्तमांश, आणि याप्रमाणे विषम संख्यांची न संपणारी माळ. वर्तुळासारखी गोल वस्तू आणि १, ३, ५, ७ यांसारखे शाळकरी आकडे यांचे असे नाते असेल, हे कोणाच्या स्वप्नात तरी आले असते काय?

हीच माळ सामान्य रूपात टर्नरच्या तक्त्याची जननी आहे. कोणतीही स्पर्शज्या घ्या. तीतून तिच्या घनाचा तिसरा हिस्सा वजा करा, पाचव्या घाताचा पाचवा हिस्सा मिळवा, आणि पुढे असेच. आमच्या टेपरची ०.१ घेऊन पाहू. ०.१ वजा ०.०००३३३ अधिक ०.०००००२ म्हणजे ०.०९९६६९. अंशांत आणण्यासाठी ५७.२९६ ने गुणा, ५.७१ अंश, म्हणजेच ५ अंश ४३ कला. लेथवरचा कोन केरळच्या माळेतून तीन पदांत निघाला.

परंतु क्षच्या जागी एक घातला तर ही माळ फार सुस्त चालते. दहा पदे घेऊन चौपट केली तर ३.०४१८ येते, दुकानदारही हे माप पत्करणार नाही. यावर त्या लोकांनी दोन उपाय काढले. पहिला उपाय असा की माळ जेथे थांबवाल तेथे राहिलेल्या शेपटाचा अंदाज जोडावयाचा. घेतलेल्या पदांच्या संख्येवरून हा अंदाज काढण्याची एकाहून एक सूक्ष्म अशी तीन सूत्रे त्यांनी दिली आहेत. दहा पदांनंतर त्यांतील दुसरे सूत्र लावले तर ३.१४१५९०, आणि तिसरे लावले तर ३.१४१५९२७! दहा पदांच्या श्रमात सात दशांश स्थळे. दुसरा उपाय म्हणजे ४५ अंशांऐवजी ३० अंशांचा चाप घ्यावयाचा. मग प्रत्येक पद आधीच्याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही लहान होत जाते आणि पाच पदांतच ३.१४२६ हाती येते. माधवाच्या नावावर जो आकडा सांगितला जातो तो असा : ९,००,००,००,००,००० व्यासाच्या वर्तुळाचा परीघ २८,२७,४३,३३,८८,२३३. भागाकार करा, अकरा दशांश स्थळांपर्यंत बरोबर येतो.

हे आकडे जपून ठेवण्याची त्यांची रीत मोठी मौजेची होती. अंकांना शब्द लावून श्लोक रचावयाचा. देव म्हणजे ३३, डोळे म्हणजे २, हत्ती म्हणजे ८, वेद म्हणजे ४, नक्षत्रे म्हणजे २७. श्लोक पाठ झाला की आकडा पाठ झाला. ही सोय खरी. पण तिच्यात एक धोकाही आहे, आणि येथेच आमच्या आजच्या म्हणण्याचा गाभा आहे. श्लोक उत्तर सांगतो, कारण सांगत नाही. ज्याने श्लोक दिला त्याच्यावर विश्वास ठेवावा लागतो.

माधवाचे या विषयावरील स्वतःचे लेखन उपलब्ध नाही. त्याची सूत्रे शिष्यप्रशिष्यांच्या ग्रंथांतून आली. ती नुसत्या श्लोकांत राहिली असती तर आज आपण म्हणालो असतो, कोणा चतुर माणसाला आकडे सुचले असतील, कसे ते देव जाणे. तसे झाले नाही, याचे श्रेय ज्येष्ठदेव या गृहस्थाला आहे. १५३० च्या सुमारास त्याने ‘युक्तिभाषा’ हा ग्रंथ लिहिला. त्या काळी विद्वत्तेची भाषा संस्कृत; याने लिहिले मल्याळममध्ये. त्या काळी शास्त्र पद्यात. याने लिहिले गद्यात. आणि शास्त्रग्रंथांत बहुधा नियम असत. याने प्रत्येक नियमाची युक्ती, म्हणजे उपपत्ती, पायरीपायरीने सांगितली. चौरस असा काढा, तुकडे असे करा, हा त्रिकोण त्या त्रिकोणासारखा का ते पाहा, असा हात धरून नेणारा हा ग्रंथ आहे. पंडितांच्या सभेत मान मिळवावयाचा असता तर या मार्गाचे काही प्रयोजन नव्हते. शिकणाऱ्याला पटवून द्यावयाचे असेल तरच माणूस असे लिहितो.

कारणासह मिळालेले ज्ञान आणि कारणाविना मिळालेले ज्ञान यांतील फरक कामगाराला समजावून सांगावा लागत नाही. एका कारखान्यात उत्पादन-भत्त्याचे सूत्र फलकावर लावले होते. सूत्र लांबलचक होते, आणि ते कोठून आले हे विचारणाऱ्याला ‘ते तज्ज्ञांनी ठरविले आहे’ एवढेच उत्तर मिळे. आम्ही काही जणांनी महिनाभर रात्री बसून ते सूत्र उकलले. त्यातील एक गुणक कोणत्या गृहीतावर उभा आहे ते शोधले, आणि पुढच्या बैठकीत त्या गृहीतावरच प्रश्न विचारला. त्या दिवसापासून बोलण्याचा सूर बदलला. कारण सांगितलेले नसते तेव्हा सूत्र हा हुकूम असतो. कारण कळले म्हणजे त्याच सूत्रावर आपणही बोलू शकतो.

केरळच्या या विद्येचे आमच्या महाराष्ट्राशी एक धाग्याचे नाते आहे, तेही सांगितले पाहिजे. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये ‘लीलावती’ पुरी केली. चाळीसगावजवळ पाटण येथे १२०७ चा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठी मठ स्थापन केल्याचे तो सांगतो. ही लीलावती दक्षिणेत गेली. सोळाव्या शतकात नीलकंठाच्या शिष्यपरंपरेतील शंकर वारियर याने तिच्यावर ‘क्रियाक्रमकरी’ नावाची टीका लिहिली, आणि लीलावतीतील वर्तुळाच्या प्रकरणावर भाष्य करताना माधवाची माळ व तिच्या शेपटाची दुरुस्ती तिच्यात नोंदवून ठेवली. वारियर हा समाज देवळाच्या सेवेत असलेला. ज्येष्ठदेवाचा शिष्य अच्युत पिषारटी हाही तशाच देवळाच्या सेवेतील समाजातला. म्हणजे ही विद्या नंबुद्री घरांच्या भिंतींआड पूर्णपणे कोंडलेली नव्हती. परंतु आम्ही आंधळे अभिमानी होणार नाही. देवळाच्या आवारापर्यंत ती पोचली. आवाराबाहेर भाताच्या खाचरात राबणाऱ्या माणसापर्यंत ती पोचली नाही. मोजक्या घराण्यांत राहणाऱ्या विद्येचे जे होते तेच तिचे झाले. ताडपत्रे राहिली, वाचणारे थोडे उरले.

दरम्यान युरोपात हेच फळ निराळ्या झाडावर पिकले. न्यूटनने १६६० च्या दशकात व्यस्त ज्येची माळ काढली. स्कॉटलंडच्या जेम्स ग्रेगरीने फेब्रुवारी १६७१ मध्ये एका पत्रात व्यस्त स्पर्शज्येची माळ कळविली. लायप्निट्सला पॅरिसमध्ये १६७३–७४ च्या सुमारास पायचा चौथा हिस्सा सापडला आणि तो त्याने १६८२ मध्ये छापला. त्याची रीतही मापाची जागा बदलण्याचीच होती. वर्तुळाचे क्षेत्रफळ त्याने दुसऱ्या एका वक्राच्या क्षेत्रफळात पालटून घेतले. १६७५ च्या ऑक्टोबरात त्याने समाकलनासाठी उभट लांब ‘एस्’ हे अक्षर चिन्ह म्हणून घेतले. सुम्मा, म्हणजे बेरीज, या लॅटिन शब्दाचे ते आद्याक्षर. केरळात संकलित, पॅरिसमध्ये सुम्मा; अर्थ एकच. लायप्निट्सच्या चिन्हांचा गुण असा की चलाचे नाव बदलले की त्याच्या सूक्ष्म भागाचे काय करावयाचे ते चिन्हच सांगते. त्यामुळे सब्स्टिट्यूशन ही मोजक्या प्रतिभावंतांची करामत न राहता शाळेतल्या मुलाच्या हातचे काम झाले.

मग हे युरोपने आपल्याकडून नेले काय, असा प्रश्न उत्साही मंडळी विचारतात. तसा कागदोपत्री पुरावा आजवर पुढे आलेला नाही, आणि पुराव्यावाचून दावा करणे आमच्या पेशातही बसत नाही. शिवाय तोलही सांभाळला पाहिजे. केरळच्या गणितींनी वर्तुळाचा प्रश्न अप्रतिम सोडविला. परंतु कोणत्याही वक्राला लागू पडेल अशी सर्वसाधारण रीत, आणि बेरीज व बदलाचा वेग या परस्परांच्या उलट क्रिया आहेत हे सूत्र, न्यूटन आणि लायप्निट्स यांनी उभे केले. दोघांचेही देणे मान्य करण्यात कोणाचाच कमीपणा नाही.

केरळची ही विद्या बाहेरच्या जगाला पुन्हा कशी कळली, तीही कथा ऐकण्यासारखी आहे. चार्ल्स व्हिश नावाचा कंपनी सरकारचा एक मुलकी अधिकारी मलबारात होता. त्याने तेथील ग्रंथ जमविले आणि ‘तंत्रसंग्रह’, ‘युक्तिभाषा’ यांसह चार ग्रंथांतील वर्तुळाच्या माळांवर एक निबंध लिहिला. तो १८३२ च्या डिसेंबरात वाचला गेला आणि १८३४ मध्ये छापला गेला. व्हिश स्वतः १८३३ मध्येच वारला होता. विद्वानांनी निबंधाकडे जवळजवळ शंभर वर्षे फारसे लक्ष दिले नाही. योगायोग पाहा : ज्या १८३२ साली व्हिशचा निबंध वाचला गेला, त्याच सालच्या जानेवारीत मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ सुरू केले. कोकणातल्या पोंभुर्ल्याचा हा तरुण पुढे एल्फिन्स्टनमध्ये गणित शिकवू लागला आणि त्याने ‘शून्यलब्धिगणित’ हे कलनावरचे पुस्तक मराठीत लिहिले. नवे गणित आपल्या लोकांना आपल्या भाषेत कारणासह कळले पाहिजे, ही ज्येष्ठदेवाचीच तळमळ तीनशे वर्षांनी मराठीत अवतरली. मात्र ज्येष्ठदेवाच्या ग्रंथाची वार्ता त्या काळच्या मराठी वाचकापर्यंत आली नव्हती.

ती मुंबईच्या दारी आली १९४४ मध्ये. त्या साली मुकुंद मरार आणि सी. टी. राजगोपाल यांचा वर्तुळाच्या या हिशेबावरील निबंध रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. १९४८ मध्ये ‘युक्तिभाषे’चा गणितभाग टिपणांसह त्रिशूर येथे छापला गेला, आणि के. व्ही. शर्मा यांनी केलेले तिचे संपूर्ण इंग्रजी भाषांतर २००८ मध्ये आले. चार-साडेचार शतकांचा खंड पडूनही हा धागा पुन्हा जोडता आला, तो कशाच्या बळावर? ग्रंथात युक्ती होती म्हणून. नुसता आकडा सापडला असता तर तो कुतूहलाची वस्तू ठरला असता. युक्ती सापडली, म्हणून वाचणाऱ्याला प्रत्येक पायरी स्वतः चढून पाहता आली.

व्यस्त स्पर्शज्येच्या माळेचा प्रवास येथेच थांबला नाही. इंग्लंडच्या जॉन मॅचिनने १७०६ मध्ये दाखविले की पंचमांश चढाच्या कोनाची चौपट करून त्यातून दोनशे एकोणचाळिसांश चढाचा कोन वजा केला, तर बरोबर ४५ अंश उरतात. टर्नर मंडळींनी तक्त्यावर ताडून पाहावे : ११.३०९९ ची चौपट ४५.२३९७, वजा ०.२३९७. अशा लहान चढांवर माळ धावत सुटते, आणि मॅचिनने पाय शंभर स्थळांपर्यंत काढला. इंग्लंडातच एक शाळा चालविणाऱ्या विल्यम शँक्सने त्याच सूत्राने वर्षानुवर्षे हाताने आकडेमोड करून १८७३ पर्यंत ७०७ स्थळे गाठली. त्यांतील ५२७ पर्यंतचीच बरोबर होती. पुढची चूक फर्ग्युसनने १९४० च्या दशकाच्या मध्यास उघडकीस आणली. १९४९ च्या सप्टेंबरात अमेरिकेतील एनियॅक या विजेच्या गणकयंत्राने तेच मॅचिनचे सूत्र घेऊन सुमारे सत्तर तासांत २,०३७ स्थळे काढली. ताडपत्रापासून विद्युत्-नळ्यांच्या यंत्रापर्यंत एकच युक्ती चालत आली, ती म्हणजे गोलाचे माप सरळ रेषेवर आणणे.

शँक्सच्या चुकीवरून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्याचे ७०७ आकडे सत्तर वर्षे पुस्तकांतून मानाने छापले जात होते. दुसऱ्याने स्वतंत्रपणे हिशेब केला तेव्हा चूक सापडली. हिशेब करण्याची रीत सर्वांपुढे उघडी होती, म्हणूनच तो करता आला. रीत गुप्त असती तर चूकही अमर झाली असती. आज आपल्या हातातील फोनमध्ये हे सारे आकडे एका बोटाच्या स्पर्शाने मिळतात. कामाचे वाटप, रिक्षाचे भाडे, घरपोच माल नेणाऱ्या पोराची दिवसाची कमाई, हेसुद्धा असेच कुठल्याशा यंत्रातील सूत्राने ठरू लागले आहे. उत्तर मिळते, युक्ती मिळत नाही. ती मागणे हा आडमुठेपणा नव्हे. ती मागितल्यावाचून चूक कोणाची हे कधी कळणारच नाही.

या सभागृहात विद्यार्थ्यांचे पालक पुष्कळ असतील. आपल्या मुलाने वा मुलीने ते टॅन इन्व्हर्सचे सूत्र पाठ म्हणून दाखविले, तर शाबासकी अवश्य द्यावी. नंतर दिवा मालवून, हातात बॅटरी देऊन भिंतीपासून एक मीटरवर उभे करावे आणि विचारावे, ठिपका वर नेताना मनगट कमी कमी का वळते? उत्तर तिला मराठीत सांगता आले तर ते सूत्र तिचे झाले असे समजावे.